कंटिन्युइटीची वही

माझं काम लिहायचं.
कप उजव्या हातात, अर्धा.
चष्मा कपाळावर.
वरचं बटण तुटलेलं, तसंच राहू दे.
नऊ वर्षं, मोरेवाडीच्या माळावरच्या त्या फ्लोअरवर,
जिथं उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला
की शॉट थांबायचा
आणि मगदूमकाका त्याच गाण्यावर पायानं ताल धरून
डोळे मिटून बसायचे,
जणू घर त्यांचंच.

गोष्ट एवढीच:
एक भाडेकरू, घर सोडत नाही.
मालक, मालकीण, त्यांची पोरगी, वकील, शेजारची बाई,
सगळे मिळून त्याला काढायला बघतात.
तो चहा संपवतो. कपाकडं बघतो.
म्हणतो, "येत्या एक तारखेला सोडतो की."
बिंदू चौकातल्या रिक्षावाल्याकडं उधारी मागितली
तर तोही हेच म्हणायला लागला होता.

म्हणून पॅकअपनंतर, मेकअप पुसता पुसता
ते खरंच म्हणाले, "येत्या एक तारखेला सोडतो,"
तेव्हा प्रोड्यूसर पोट धरून हसला.
लाइटवाला इरगोंडा हसला.
मीही. वहीत लिहिलंसुद्धा: काका, आज मूडमध्ये.

एक तारखेला खुर्चीत नुसती उशी,
मधोमध खोलगट.

नवा आला. चांगला पोरगा, खोटं कशाला बोलू.
नाटकातला, पाठांतर चोख.
पहिल्याच दिवशी माझी वही मागून नेली, रात्रभर वाचली.
कप उजव्या हातात. चष्मा कपाळावर.
बटण स्वतः तोडून घेतलं.
वाक्यही तेच.
फक्त कपाकडं बघणं आणि वाक्य
यांच्यामध्ये जे होतं
ते वहीत नव्हतं.
काय लिहिणार? तिथं काही घडतच नव्हतं.
त्या न घडण्यात मालकीणबाई लाल व्हायच्या,
वकिलाच्या फायली घसरायच्या,
पोरगी पदराआड तोंड लपवायची.
आम्हाला वाटायचं, काय एकेक विनोदी माणसं!
ती नुसती ढकलत होती.
भिंत काढली,
आणि ढकलणारी सगळी तोंडावर पडली.

मग लेखक घाबरला.
भूत आणलं. लॉटरी आणली. काशीहून जुळा भाऊ.
पोरीचं लग्न लावलं, मोडलं, परत लावलं.
ज्यांच्या एका भुवईवर अख्खा सीन निघायचा
त्या मालकीणबाईंना
टोपडं घातलेल्या कुत्र्यामागं पळवलं.
मशीनचं हसू वाढवलं,
आधी मिनिटाला दोनदा,
मग वाक्य संपायच्या आत.
आई लसूण सोलत बघत होती. म्हणाली,
"ही हसणारी माणसं राहतात कुठं गं?
त्यांना कामधंदा न्हाई?"
पुढच्या आठवड्यात तिनं चॅनल बदललं,
मला न सांगता.
मी घरात आले की परत लावायची.

परवा रात्री गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर
काका दिसले. समोर म्हैस, हातात पेला,
डाव्या हातात.
नऊ वर्षं मी उजवा लिहिला.
माणूस डावखुरा होता.

म्हटलं, काका, बंद होतंय.
तीस तारखेला शेवटचा भाग.

ते पेल्याकडं बघत राहिले.
फेस खाली बसत होता.
गवळ्याचा हात आचळावरच थांबला.
शेजारची दोन पोरं
हसायच्या तयारीत उभी राहिली,
कशाला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.
मी मनात मोजत होते, एक, दोन,
तीन,

"पी," ते म्हणाले, "निवतंय तुझं."

कुणी हसलं नाही.
घरी येऊन वही काढली.
पेला. डावा हात. एवढं लिहिलं,
आणि खाली चार ओळी
मोकळ्या सोडल्या.